मिक्स आणि मिसळ



आपल्या केंद्रात बोलायला बसलं की काचेपलीकडून आवाज सांभाळणारी मुलगी मला दर वेळी सांगते, "बाई, तुम्ही नुसतं बोला. सुरुवातीची ओवी, मधलं संगीत, सगळं मी नंतर मिक्स करते." तिच्यासमोर बटणांची जी पेटी असते तिलाही ती मिक्सरच म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, आमच्या मिक्सरात चटणी वाटतात, तू काय आवाज वाटतेस होय?

गेल्या महिन्यात एका ताईंचा फोन आला. त्यांची नात तिसरीत, इंग्रजी शाळेत जाते. तिनं आजीला विचारलं, मिक्सला मराठीत काय म्हणतात? आजी पटकन बोलून गेल्या, मिक्सलाच मराठीत मिक्स म्हणतात! आणि मग दिवसभर त्यांनाच चुकल्यासारखं वाटत राहिलं. "बाई, हा शब्द आला तरी कुठून ते एकदा सांगा," म्हणाल्या. म्हणून आजचं हे बोलणं.

खरं सांगू का, ताईंचं उत्तर फार चुकलेलं नाही. टीव्हीवर रेसिपी बघा. पीठ मिक्स करून घ्या, आता मीठ मिक्स करा, छान मिक्स झालंय. पण आपल्या आया हे काम करत होत्या तेव्हा त्यांच्याकडे प्रत्येक कामाला वेगळा शब्द होता. भातात आमटी कालवायची, म्हणून तिला कालवण. कणीक मळायची. ताक घुसळायचं. चहात साखर ढवळायची. दही फेटायचं. दुधात भाकरी कुस्करायची. पाकात बुंदी घोळवायची. दोन पिठं एकजीव करायची. शब्द ऐकला की हाताची हालचाल डोळ्यांपुढे येते, पाच बोटं की मूठ की रवी, ते कळतं. मिक्स म्हटलं की यातलं काहीच कळत नाही. शब्द वाईट नाही, पण फार जागा अडवून बसलाय, एवढंच माझं म्हणणं.

तो घराघरांत शिरला तो बहुतेक यंत्राबरोबर. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे एक इंजिनिअर होते. त्यांच्या घरचा परदेशी मिक्सर बंद पडला. तिकडचे मिक्सर अंडी फेसायला, केकचं पीठ फिरवायला केलेले. आपली भिजवलेली डाळ आणि सुकं खोबरं त्यांना झेपायचं नाही. माथुरांनी आणि त्यांच्या पत्नी माधुरीताईंनी खटपट करून आपल्या वाटणाला टिकेल असं यंत्र तयार केलं, ते पुढं 'सुमीत' नावानं देशभर गेलं. अशा यंत्राचं पूर्ण नाव मिक्सर-ग्राइंडर. ग्राइंडर म्हणजे दळणारा, वाटणारा. आपण नेमका तोच अर्धा शब्द टाकून दिला आणि मिक्सर तेवढा ठेवला. त्यामुळे जे यंत्र कालवत नाही, फक्त वाटतं, त्याला आपण कालवणारा म्हणतो!

त्याच्याही आधी हा शब्द गावात आला होता, दवाखान्यातून. जुन्या बायांना आठवत असेल, कंपाउंडर मोठ्या बरणीतून लाल औषध आपल्या बाटलीत ओतायचा आणि बाटलीवर कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एक खूण म्हणजे एक डोस. त्या औषधाला मिक्श्चर म्हणत. बाटली घरूनच न्यायची. माझी आजी त्याला 'मिश्चर' म्हणायची आणि आम्ही मुलं तिला हसायचो. पुढं कळलं की आजी हसण्यासारखं काही बोलत नव्हती. ते येतंच पुढं.

आता शब्दाच्या माहेरी जाऊ. इंग्लंडमध्ये जाऊन बघितलं तर तिथंही तो उपराच. त्यांचे जुने शब्द दुसरे होते. एक मिंगल. जत्रेत आपण लोकांत मिसळतो ना, तसं मिसळणं. आणि एक ब्लेंड, तो चहाच्या पुड्यावर असतो. मिक्स आला तो लॅटिनमधून. लॅटिन ही रोमन लोकांची भाषा, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यात मिसळण्याला 'मिस्केरे' आणि मिसळलेल्याला 'मिक्स्टुस' म्हणत. लॅटिनपासून फ्रेंच झाली. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढं कितीतरी वर्षं तिथल्या कोर्टात फ्रेंचच चालली, जशी आपल्याकडे इंग्रजी चालते. तिथं 'मिक्स्ट' दावा म्हणजे असा दावा, ज्यात जमीनही परत मागितलेली असते आणि नुकसानभरपाईही. म्हणजे इंग्रजांच्या देशात हा शब्द स्वयंपाकघरातून नाही, वकिलाच्या कागदातून शिरला.

पुढची गंमत ऐका. इंग्रजीत क्रियापदाला शेवटी 'ट'सारखा आवाज जोडला की काम झालेलं असतं. कुक म्हणजे शिजव, कुक्ट म्हणजे शिजवलं. तर लोकांनी मिक्स्ट ऐकलं आणि धरून चालले की ज्याअर्थी मिक्स्ट म्हणजे मिसळलेलं, त्याअर्थी मिक्स म्हणजे मिसळ. तोवर 'मिक्स' असं क्रियापद नव्हतंच! १५३० च्या दशकापासून ते लिहिलेलं सापडतं. आधी शेपूट आलं आणि शेपटावरून लोकांनी म्हैस तयार केली.

त्याच लॅटिन घराण्यातले आणखी शब्द इंग्रजीत आहेत, ते ओळखू येत नाहीत इतकंच. गाण्यांची मेडली असते, एकातून दुसरं गाणं. पूर्वी मेडली म्हणजे हातघाईची लढाई, कोण कुणाला मारतंय ते कळू नये अशी. मेडल म्हणजे नाक खुपसणं. त्याचा आधीचा अर्थ मिसळणं, ढवळणं. आणि आपण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्याला काय म्हणतो? ढवळाढवळ. दोन्ही भाषांतल्या लोकांनी एकमेकांना न विचारता पातेल्यातल्या पळीवरूनच हा अर्थ काढला. मला हे फार आवडतं.

मॅस्लिन म्हणून एक शब्द आहे, आता इंग्रजांनाही फारसा माहीत नाही. गहू आणि राय नावाचं हलकं धान्य एकाच शेतात मिसळून पेरायचं, एकत्र कापायचं, एकत्र दळायचं, त्या मिसळलेल्या धान्याला मॅस्लिन. गरिबाची भाकरी त्याची. वर्ष वाईट गेलं आणि गहू बसला तरी राय हाती लागायची. ज्वारीत तुरीच्या ओळी टाकणाऱ्या आपल्या शेतकरणीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता आजीच्या मिश्चरकडे येते. १७८६ च्या फेब्रुवारीत कलकत्त्यात विल्यम जोन्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशानं एक भाषण केलं. तो इथं येऊन संस्कृत शिकला होता. तो म्हणाला की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांत इतकं साम्य आहे की या भाषा एकाच मुळातून निघाल्या असल्या पाहिजेत, आणि ते मूळ आता कदाचित उरलेलंही नसेल. त्याच्याआधीही काहींच्या हे लक्षात आलं होतं, पण या भाषणानंतर त्याचा नीट अभ्यास सुरू झाला. त्या अभ्यासातून कळलं की लॅटिनचं मिस्केरे, ग्रीकमधलं मिग्नुमी, रशियनमधलं मेशात आणि आपल्या संस्कृतातलं मिश्र ही एकाच घरची लेकरं. मिश्रचं प्राकृतात मिस्स आणि मीस झालं. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे मोठे पंडित होते, त्यांनी प्राकृताच्या व्याकरणात मिसळलेलं या अर्थी 'मीसालिअ' असा शब्द नोंदवला आहे. मीसालिअ, मिसळ. ऐकलंत? पंजाबी लोक गव्हात बेसन घालून मिस्सी रोटी करतात, तीही यातलीच.

म्हणजे मिक्स आणि मिसळ या चुलत बहिणी. एक पश्चिमेकडे दिली, एक इकडे. हजारो वर्षं गाठ नाही, आणि आता भेटल्या त्या हॉटेलात. वाढणारा पोरगा म्हणतो, "ताई, मिसळ मिक्स करून घ्या." एकच शब्द त्यानं दोनदा म्हटलेला असतो. मसाल्याला मात्र यांच्या घरात आणू नका, कितीही जवळचा वाटला तरी. तो अरबीतून आला, त्याचं गोत्र निराळं.

इथवर सगळं खाण्यापिण्याचं झालं. पण मटकीत फरसाण घातलं तर आपण मिसळ म्हणतो, आणि तुपात डालडा घातला तर भेसळ. हात तेच, भांडं तेच. काय चालतं आणि काय चालत नाही हे कुणीतरी ठरवलेलं असतं. तुपाच्या बाबतीत ते ठीकच आहे, फसवणूक आहे ती. हाच शब्द माणसांना लावला की काय होतं, ते या शब्दाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं प्रकरण आहे.

स्पेनच्या लोकांनी मेक्सिको जिंकलं. स्पॅनिश बाप आणि तिथली मूळची आई, यांच्या लेकराला ते मेस्तिसो म्हणू लागले. मेस्तिसो म्हणजे मिसळलेला, मिक्स्टुसचाच नातू. पोर्तुगीजांनी गोव्यात हाच शब्द आणला. आणि जात या अर्थाचा इंग्रजी 'कास्ट' आलाय तोही पोर्तुगीजांच्या 'कास्ता' शब्दावरून, त्यांनी तो आपल्याकडचं बघून वापरला. अठराव्या शतकात मेक्सिकोत या मिसळणीची चित्रं काढायची पद्धत होती. बहुधा सोळा चित्रांचा संच असे. प्रत्येकात बाप, आई, लेकरू, आणि खाली नाव, की अमुक बाप आणि तमुक आई, त्यांचं मूल अमुक. चित्रं सुंदर आहेत, फळं, भांडी, लुगड्यांसारखी रंगीत वस्त्रं. पण नावं वाचली की पोटात कालवतं. एका लेकराचं नाव 'मागे उडी'. एकाचं 'हवेतच थांब'. आणि एकाचं चक्क 'तू मला कळत नाहीस'. नावं संपली होती बिचाऱ्यांची, पण खाने पाडायचे थांबेनात.

कॅनडात उलट झालं. तिथं फ्रेंच व्यापारी आणि मूळच्या बायका यांची लेकरं मेती म्हणवली गेली, अर्थ तोच, मिसळलेले. त्यांनी तो शब्द टाकला नाही, तेच आपलं नाव म्हणून मिरवलं. त्यांची एक स्वतःची भाषा झाली, मिचिफ. तिच्यात वस्तूंची नावं बहुतेक फ्रेंच आणि क्रियापदं क्री या मूळच्या लोकांच्या भाषेतली. मला वाटतं नावं बापाकडून आणि कामं आईकडून आली असावीत! हा माझा विनोद आहे, अभ्यासकांचा नव्हे. १९८२ च्या कॅनडाच्या राज्यघटनेत मेतींची मूळनिवासी लोक म्हणून नोंद आहे.

अमेरिकेत या शब्दाचा वापर विष कालवावं तसा झाला. १८६३ चा डिसेंबर. गुलामगिरीवरून तिथं यादवी युद्ध पेटलेलं, पुढच्या वर्षी निवडणूक. न्यूयॉर्कमध्ये एक पुस्तिका निघाली, लेखकाचं नाव नाही. गोऱ्यांनी आणि काळ्यांनी लग्नं करावीत, त्यातच देशाचं भलं आहे, असं तिच्यात लिहिलेलं. वाचणाऱ्याला वाटावं की लिंकनच्या पक्षाच्या कुणीतरी लिहिली. खरं म्हणजे लिंकनच्या विरोधातल्या दोन वर्तमानपत्रवाल्यांनी गोऱ्या मतदारांना भडकवायला केलेली ती बनवाबनवी होती. त्यांनी त्यासाठी मिस्केरेपासून एक नवा जडजंबाल शब्द घडवला, मिसेजिनेशन, म्हणजे वंशांची मिसळण. लिंकन निवडून आले. लबाडीही उघड झाली. शब्द मात्र राहिला, आणि काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला बंदी घालणारे कायदे त्या नावानं ओळखले जाऊ लागले.

व्हर्जिनिया राज्यात असा कडक कायदा १९२४ चा. तिथं सेंट्रल पॉइंट नावाच्या खेड्यात रिचर्ड लव्हिंग हा गोरा गवंडी आणि मिल्ड्रेड ही काळ्या आणि मूळनिवासी घराण्यातली मुलगी, एकाच पंचक्रोशीत वाढलेली. १९५८ च्या जूनमध्ये त्यांनी राजधानी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं, कारण गावात होणारच नव्हतं. महिना-सव्वा महिन्यात मध्यरात्री पोलीस घरात शिरले. दोघं झोपलेली. लग्नाचा कागद भिंतीवर लावलेला होता. पोलीस म्हणाले, तो इथं चालत नाही. १९५९ च्या जानेवारीत शिक्षा झाली, एक वर्ष तुरुंग; पंचवीस वर्षं दोघांनी मिळून या राज्यात यायचं नाही, मग तुरुंग माफ. दोघं वॉशिंग्टनला जाऊन राहिली. मिल्ड्रेडला शहर मानवेना, माहेर तुटलं. १९६३ साली तिनं सरकारच्या सगळ्यात वरच्या कायदा अधिकाऱ्याला, रॉबर्ट केनेडींना, स्वतः पत्र लिहिलं. त्यांनी वकिलांच्या एका संघटनेचा रस्ता दाखवला.

खटला पुन्हा त्याच न्यायाधीशांपुढं गेला. त्यांनी १९६५ साली जे लिहिलं त्यात आपला शब्द आहे. देवानं निरनिराळ्या वंशांना निरनिराळ्या खंडांवर ठेवलं, त्या अर्थी हे वंश मिक्स व्हावेत असं देवाच्या मनात नव्हतं, असा त्यांचा युक्तिवाद. मिक्स, तोच शब्द, जो आपण पिठाला वापरतो. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो कायदा मोडीत काढला. तोवर सोळा राज्यांत असे कायदे होते. लव्हिंग जोडपं आपल्या गावी परतलं. दक्षिण आफ्रिकेत तर कायद्याच्या नावातच 'मिक्स्ड मॅरेजेस' होतं, १९४९ पासून १९८५ पर्यंत.

आपण लांबचं ऐकून चुकचुकतो, म्हणून जवळचंही सांगते. आपल्याकडे मिसळण्याला आणखी एक शब्द आहे, संकर. संकरित गाय आपण कर्ज काढून आणतो. संकरित ज्वारीचं बी पिशवी बघून घेतो. आणि तोच शब्द माणसाला लावला की शिवी. गीतेच्या पहिल्या अध्यायात लढायला तयार नसलेला अर्जुन जी भीती बोलून दाखवतो, ती हीच, बायका बिघडतील आणि वर्णसंकर होईल. मेक्सिको घ्या, व्हर्जिनिया घ्या, नाहीतर आपलं गाव. मिसळणीची राखण सगळीकडे बाईच्या उंबऱ्यावर बसूनच केलेली दिसते.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय लग्नांना मान्यता देणारा कायदा केला. व्हर्जिनियात बंदी अधिक कडक झाली त्याच्या पाच वर्षं आधी, बरं का. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या सभेसाठी जातिनिर्मूलनाचं भाषण लिहिलं. संयोजकांना ते झेपलं नाही, सभाच रद्द केली, मग बाबासाहेबांनी ते छापलं. त्यात त्यांनी सरळ लिहिलंय की सोबत बसून जेवण्यानं जात गेली नाही, जाणारही नाही. खरा उपाय आंतरजातीय लग्न. म्हणजे मिसळ एका टेबलावर खाल्ली, एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं.

आणि आम्ही तर तेवढंही केलं नव्हतं. आमच्या गटाचं सांगते. आठेक वर्षांपूर्वी आम्ही मसाला करायला घेतला. मिरची, धणे, खोबरं, सगळं भाजून, कुटून, मग मोठ्या परातीत तेलाचा हात लावून कालवायचं. त्या वर्षी पलीकडच्या वस्तीवरची एक बाई गटात नवी आली होती. हिशेबाला पक्की, मापाला पक्की. भाजायला बसली, निवडायला बसली. कालवायची वेळ आली तेव्हा दोघी-तिघींनी तिला हळूच सांगितलं, "तू पाकिटं चिकटव, ते काम कुणाला जमत नाही." तिला काय कळायचं ते कळलं. तिनं संध्याकाळपर्यंत पाकिटं चिकटवली. एकही वाकडी नाही. पुढच्या बैठकीला ती आली नाही.

मी तिथंच होते. मी शाळेत मुलांना समतेचा धडा पंचवीस वर्षं शिकवलेला. मी धणे चाळत होते आणि चाळतच राहिले.

ती आता तिच्या वस्तीवरच्या गटात आहे. तिच्या हाताचा मसाला बुधवारच्या बाजारात असतो, आमच्यापेक्षा चांगला खपतो. मी आणते. गेल्या बुधवारी तिनं पाव किलो तोलून दिला आणि म्हणाली, "बाई, वर खोबरं राहिलंय, घरी गेल्यावर नीट कालवून घ्या." मी हो म्हटलं. जे बोलायचं होतं ते तेव्हाही राहिलं. येत्या बुधवारी पुन्हा जाणार आहे.

त्या ताईंना निरोप, नातीला सांगा, मिक्सला मराठीत मिसळ म्हणतात.